टॅबचा मृतसाठा

माझा नवा टॅब खोक्यातून बाहेर काढल्यावर सगळ्यात आधी हातात घेतला तो आमच्या घरमालकांनी. मी फक्त एवढंच म्हणाले होते, "सत्त्याऐंशी टक्के चार्ज आहे, लगेच चालू होईल." त्यांनी टॅब उभा धरला, आडवा धरला, तळहातावर तोलून पाहिला आणि विचारलं, "बाई, याचा मृतसाठा किती?"

आमच्या धाराशिव जिल्ह्यात मृतसाठा हा शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. तलावाच्या तळाशी जे पाणी उरतं, दिसतं पण कालव्यात सोडता येत नाही, तो मृतसाठा. दर उन्हाळ्यात पेपरात त्याच्या बातम्या येतात आणि ओट्याओट्यांवर त्यावर वाद होतात. पण टॅबलाही मृतसाठा असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी म्हणाले, "अण्णा, ते पाणी नाही. बॅटरी आहे."

"साठाच ना? वापरला की उतरतो, भरला की चढतो?"

"हो."

"मग खाली कुठंतरी मृतसाठा असनारच. किती टक्क्याला गप होतं हे?"

मी खोक्यातली पुस्तिका चाळली. त्यात मृतसाठ्याबद्दल काही नव्हतं. पंधराच्या खाली गेला की आकडा लाल होतो, एवढं मला माहीत होतं, ते सांगितलं.

"मग पंधरा," अण्णा म्हणाले. "त्याच्याखाली उतरू द्यायचं न्हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात तो कायदा झाला.

त्यांना साठा नीट बघायचा होता म्हणून मी बॅटरीचं पान उघडून दिलं. तिथं आकडा अर्ध्या वितीएवढा मोठा दिसतो. अण्णांनी टॅब डोळ्यांसमोर धरला आणि मान तिरपी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. बराच वेळ तसेच राहिले. मग सावकाश म्हणाले, "आठ... सात. सत्त्याऐंशी." आणि थोड्या वेळानं, "शहाऐंशी झाले बाई. उतरलं."

दारात त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात ताटात तसाच थांबला आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बॅटरी एक टक्का उतरली म्हणून एखाद्या बाईला रडू का यावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, तांदळातली धूळ गेली असेल.

मी तामलवाडीची. नवरा सोलापुरात कामाला, माझी शाळा लोहारा तालुक्यात, माकणीच्या अलीकडच्या एका लहान गावात. तेव्हा त्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेणं भाग होतं. खोली बघायला गेले तेव्हा मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आडनाव काय, नवरा कुठं असतो, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दिवसाला पानी किती लागतं?"

"अंदाजे चार घागरी."

"अंदाजे म्हंजी किती?"

मी बोटांवर मोजायला लागले. ते म्हणाले, "चार दिवस मोजा, मग सांगा. तवर राहा." मी मोजलं. साडेपाच घागरी निघाल्या. इतकी वर्षं मी स्वतःला काटकसरी समजत होते.

अण्णा गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तलावावर चौकीदार होते. एकोणतीस वर्षं. तलावाच्या पोटात, कालव्याला पाणी सोडायचा एक दगडी बुरूज आहे, त्यावर मीटर-सेंटिमीटरची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी रंगवलेली आहे. रोज सकाळी आठ वाजता बांधावर उभं राहून त्या पट्टीवर पाणी कुठं आहे ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं मुख्य काम. निवृत्त झाल्यावर सरकारी रजिस्टर नव्या माणसाकडे गेलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि आठ वाजता बांधावर हजर झाले. नव्या माणसाला त्यांनी सांगितलं, "तुमचं तुमी लिवा. मी माझं लिवतो."

घरातही सगळ्या गोष्टींना रेघा होत्या. पाण्याच्या पिंपावर आतून रंगानं आखलेली पट्टी. ताकाच्या बरणीवर खूण. अण्णांच्या चहाच्या काचेच्या ग्लासवर नखपॉलिशनं ओढलेली लाल रेघ, त्या रेघेपर्यंतच चहा. नखपॉलिश कुठून आणलं म्हणून मी काकूंना छेडलं तर त्या म्हणाल्या, "लग्नातलं व्हतं. म्या लावलं न्हाय, त्यांनी गिलासाला लावलं."

अण्णांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं आणि पोरं त्यांच्या मागं त्यांच्याच आवाजात म्हणायची: "दिसलं तर लिवायचं. न्हाय दिसलं तर रकाना खाली." खाली म्हणजे रिकामा. नोकरीत असताना ते एकदा नऊ दिवस तापानं पडून होते. पुढं तपासणीला एक साहेब आले. त्यांना रजिस्टरात नऊ रिकामे रकाने दिसले. साहेब भला माणूस होता, त्यानं सुचवलं की आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे, मधले भरून टाका, दिसायला बरं दिसेल. अण्णा म्हणाले, "सायेब, त्या दिवशी पानी व्हतं. पर मी नव्हतो." साहेबांनी रजिस्टर मिटलं. रकाने तसेच राहिले. हा किस्सा मला अण्णांनी नाही, काकूंनी सांगितला, आणि सांगताना त्या नवऱ्यावर चिडल्यात की त्यांना अभिमान वाटतोय, हे मला ठरवता आलं नाही.

त्या वाक्याचा तडाखा मला स्वतःला बसला तो असा. शाळेत कोणतं मूल कुठवर वाचतं याचा तक्ता भरून द्यायचा होता. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, असे रकाने. मी दुपारी ओट्यावर बसून भराभर भरत होते. माझी बावीस लेकरं, माझ्या ओळखीची, त्यात काय अवघड? अण्णा शेजारी बसून कानानं माझ्या पेनाचा वेग ऐकत होते. म्हणाले, "बाई, आज सगळी लेकरं तुमच्यापुढं वाचून गेली व्हय?"

"नाही अण्णा. मला माहीत आहे ना कोण कसं वाचतं ते."

"आसं," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला. बाहेरून आलेल्या बाईला शिकवायची हौस, असंही मनात म्हणून झालं. पण त्या 'आसं'नं तक्ता पुढं भरवेना. दुसऱ्या दिवशी एकेका लेकराला जवळ बसवून वाचायला लावलं. ज्यांच्या नावापुढं मी बेधडक 'उतारा' लिहिलं होतं, त्यातली चौघं शब्दाशीच अडखळत होती. हुशार होती, शेजारच्याचं ऐकून म्हणायची. वर्षभर मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्या चौघांना मी पुढं रोज मधल्या सुट्टीत घेऊन बसले. त्यातली एक पोरगी आता पेपर वाचून दाखवते घरच्यांना. तिच्या घरचे मला धन्यवाद देतात तेव्हा मला त्यांना त्या 'आसं'बद्दल सांगावंसं वाटतं. मास्तरकीचं शिक्षण मी दोन वर्षं घेतलं, पण शिकवणं कशाला म्हणतात ते मला त्या चौकीदारानं शिकवलं, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

तर, टॅब. तो मी माझ्या वर्गासाठी घेतला होता. धडे, गाणी, चित्रं दाखवायला. घरी आल्यावर चार दिवसांत तो माझा कमी आणि अण्णांचा जास्त झाला. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते साठा बघायचे. "काल सांजच्याला बासष्ट व्हता, आज एकसष्ट. रातीत कुणी वापरला न्हाय. मग एक गेला कुठं?" मी म्हणाले, न वापरताही थोडा उतरतो. अण्णांनी मान हलवली. "बाष्पीभवन." मग मला म्हणाले, "यंत्र प्रामानिक हाय. सोताचा साठा सोताच दाखवतंय. मानसं दाखवत न्हाईत."

बोटाची मात्र पंचाईत होती. रजिस्टराची पानं उलटायची सवय, त्यामुळे पडद्याला हात लावण्याआधी अण्णा बोट जिभेला लावायचे. ओल्या बोटानं टॅब भलतंच काहीतरी उघडायचा. एकदा गाणं सुरू झालं आणि बंद होईना, तेव्हा काकूंनी टॅब ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. मी शाळेतून आले तर डबा गात होता.

एक दिवस काकू धुण्याच्या दगडाशी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, त्या यंत्रात त्यांना आकडा दिसला. तुमाला ठावं न्हाय, सात महिने झाले, रोज बांधावर जातेत अन् खाली रकाना घिऊन येतेत."

मग सगळं कळलं. अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चष्म्यानं उपयोग नाही, कडेचं दिसत राहील. म्हणून ते मान तिरपी करायचे. कडेच्या नजरेनं त्यांना वाट दिसायची, माणूस ओळखू यायचं, बुरूजही दिसायचा. पट्टीवरचे आकडे तेवढे दिसत नव्हते. गावाला त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. मी वही मागून घेतली. सात महिन्यांच्या तारखा सुबक अक्षरात, अंदाजानं पण ओळीत लिहिलेल्या, आणि प्रत्येकीपुढं रिकामी जागा. अंदाजानं आकडा लिहिला असता तर कुणाला कळणार होतं? ती वही बघणारं जगात कुणीच नव्हतं.

मी अण्णांना म्हणाले, "मी येते सोबत. मी वाचून सांगते, तुम्ही लिहा."

"नगं. दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलेलं माज्या वहीत येत न्हाय."

"मग नव्या चौकीदाराला..."

"बाई, डॉक्टर म्हनला मधलं गेलं, कडंचं हाय. आता मोजपट्टी मधीच असती, त्याला मी काय करू?" ते हसले, पण मला ते हसणं बघवेना. नोकरीची एकोणतीस अधिक निवृत्तीनंतरची सहा, म्हणजे पस्तीस वर्षं हा माणूस रोज एक गोष्ट खरी बघून लिहीत आला होता, आणि आता तीच त्याच्या हातून निसटली होती. घरात कुणी आजारी नव्हतं, शेत बरं पिकत होतं, लग्न होऊन गेलेली मुलगी सुखात होती. पण ती वही त्यांना जिवंत ठेवत होती, आणि तिला सात महिने घास मिळाला नव्हता.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. खरं तर ती बॅटरीच्या आकड्यानंच आधी सुचवली होती, मला उशिरा कळली.

दुसऱ्या सकाळी मी टॅब घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर गेले. बरोबर आठ वाजता बुरुजाचा फोटो काढला आणि म्हणाले, चला, घरी जाऊन मोठा करून बघू. अण्णा जागचे हलले नाहीत. "घरी जाईस्तवर पानी शिळं हुईल. हितंच बघायचं." पण उन्हात पडदा काळा पडला, काहीच दिसेना. शेवटी अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल सोडला आणि तो आमच्या दोघांच्या डोक्यांवरून घेतला. म्हशी घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, "काय हो अण्णा, बाईला वाफ देताव का?" टॉवेलच्या आतून अण्णांनी उत्तर दिलं, "पातळी बघतोय. गप जा."

मी त्यांना दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवायला शिकवलं. बोट आधी जिभेकडे गेलं, मी हात धरला. बुरूज मोठा झाला. आणखी मोठा झाला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या विटेएवढ्या झाल्या. अण्णांनी मान तिरपी केली.

"चार," ते म्हणाले. "चार... पस्तीस. चार पस्तीस हाय बाई."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो माझा डोळा झाला असता. त्यांनी टॉवेल बाजूला केला, वही मांडीवर घेतली आणि आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यात, जिथं शेरा लिहितात, तिथं लिहिलं: 'यंत्राची मदत. डोळा स्वतःचा.' घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या चहाच्या ग्लासात रेघेच्या वर दोन बोटं चहा ओतला. अण्णांनी तो गुपचूप प्यायला.

त्यानंतर आमचा रोजचा क्रम बसला. शाळा दहाला भरायची, त्यामुळे आठ वाजता बांधावर जाणं मला जड नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा मी टॅब मुख्याध्यापकांना सांगून बरोबर ठेवायची आणि मधेच सायकलवर तलाव गाठून यायची. मला वाटायला लागलं होतं की मी फार मोठं पुण्याचं काम करते आहे. असं वाटायला लागलं की माणूस कुठंतरी पाय घसरतोच.

तो आठवडा रिपरिप पावसाचा होता. बांधावर चिखल झाला होता आणि काकूंनी अण्णांना पाय बाहेर टाकू दिला नाही. अण्णांनी नाइलाजानं कबूल केलं की फोटो मी एकटीनं काढून आणावा आणि त्यांनी ओट्यावर बसून वाचावा. तीन दिवस मी नेटानं गेले. चौथा दिवस शनिवार. मला उठायला उशीर झाला, शाळा साडेसातची, पाऊस चालू. तलावावर जाणं झालं नाही. दुपारी घरी आले तर अण्णा वही उघडून बसलेले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून 'आज गेले नाही' असं म्हणवेना. मी कालचा फोटो पुढं केला. पाणी असं किती वाढलं असणार एका दिवसात?

अण्णांनी फोटो मोठा केला, आकडा वाचला, लिहिला. मला हायसं वाटलं. पण ते पडदा सोडेनात. बोटांनी फोटो इकडे तिकडे सरकवत राहिले. एवढ्या महिन्यांनी सापडलेली नजर, ती पुरेपूर वापरायची सवय त्यांना लागली होती.

"बाई, बुरुजाच्या पायरीवर बगळा हाय."

"हो का."

"काल बी व्हता."

"बगळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात अण्णा."

"ठरल्याल्या आसत्यात. पर काल बी डावाच पाय उचलल्याला व्हता. अन् मासा बी निम्माच चोचीत व्हता."

मी खाली बघितलं. अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन घेतलं, आत्ताच लिहिलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ ओढली, आकडा खाली वाचता येईल अशी. खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा जुना नियम. शेऱ्यात लिहिलं: 'चुकीची नोंद. पातळी पाहिली नाही.' सही केली. मग वही माझ्यापुढं सरकवली. "तुमची बी सही लागंल. फोटो तुमचा व्हता."

मी शाळेत शेकडो वेळा सही केली आहे. इतकी अवघड सही कधी केली नाही.

"तुमी माज्यासाठीच केलं, ते मला कळतंय," अण्णा म्हणाले. "पर आता मागच्या पानावरचं बी खरं हाय का न्हाय, असं वाटाया लागतं बगा. एक रकाना खाली राहिला तर काय बिघडत न्हाय. एक खोटा भरला की सगळी वही बिघडते." मग आत वळून म्हणाले, "बाईला चहा द्या. भिजून आल्यात." मी भिजलेले नव्हते, छत्री होती. तरीही मी तो चहा मुकाट्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णा काकूंचा हात धरून चिखलातून बांधावर गेले. आणि त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की फोटो काढायला ते स्वतः शिकणार. माझ्यावर विश्वास उरला नव्हता असं नाही. "तुमाला पुन्यांदा त्या पेचात टाकायचं न्हाय," असं ते म्हणाले. माझी चूक त्यांनी माझ्यासाठी सोपी करून टाकली, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

शिकवणी तीन आठवडे चालली. पहिल्यांदा त्यांनी काढलेल्या फोटोत अंगठा आला, दुसऱ्यात आभाळ, तिसऱ्यात त्यांचं नाक. कॅमेरा उलटा होऊन समोरचा सुरू झाला होता. नाक पडदाभर बघून काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की त्यो फोटो. तुमचा एक बी फोटो न्हाय घरात." ते खरं होतं. लग्नाच्या फोटोतही अण्णा मुंडावळ्यांच्या आड होते. पण अण्णांनी मला तो पुसायला लावला. "माजं काय बगायचं? माज्यावर आकडे न्हाईत."

पुढं माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली. निघायच्या दिवशी मी टॅब त्यांच्या हातात ठेवला. ते घेईनात. वर्गासाठी घेतलेली वस्तू, लेकरांची, असं म्हणाले. शेवटी मी म्हणाले, "मग तो कामावर आहे असं समजा. रोज आठ वाजता फोटो आणि आकडा मला पाठवायचा. मी तिकडे वहीत लिहीन. दोन ठिकाणी नोंद असलेली बरी." यावर त्यांचं समाधान झालं. म्हणाले, "वही शंभर पानी घ्या. अन् रकाने पट्टीनं आखा."

दोन वर्षं, वाशीच्या शाळेत परिपाठ सुरू होण्याआधी, मला रोज एक बुरूज यायचा आणि खाली आकडा. बाकी एक अक्षर नाही. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी वहीत लिहायची. पावसाळ्यात आकडा चढताना माझ्या वर्गातली पोरंसुद्धा विचारायची, बाई, आज किती? त्यांनी तो तलाव कधी पाहिला नव्हता.

एका गुरुवारी फोटो आला नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. मी तारीख लिहून बसले होते. आदल्या दिवशी तीन नव्वद होतं, रोज पाच-पाच उतरत होतं, आकडा काय असणार ते तिसरीतल्या पोरानंही सांगितलं असतं. मी पेनाला टोपण लावलं. अकरा वाजता काकूंच्या शेजारच्यांचा फोन आला.

तेरावं उरकल्यावर, चौदाव्या दिवशी मी गेले. काकूंनी सांगितलं ते एवढंच. नेहमीसारखे बांधावर गेले, नेहमीसारखे आले. ओट्यावर बसून म्हणाले, "आज दिसलं न्हाय. चहा घिऊन पुन्यांदा जातो." चहा रेघेच्या निम्म्यापर्यंत प्यायले आणि भिंतीला टेकले.

वही आणि टॅब काकूंनी एकाच फडक्यात बांधून ठेवले होते. टॅब चालू होता. "लाल झाला की लावते," त्या म्हणाल्या. "पंधराच्या खाली एकदा बी जाऊ दिला न्हाय." वहीत त्या गुरुवारची तारीख होती आणि पुढं रकाना रिकामा. माझ्या वहीतही त्या तारखेपुढं रिकामाच होता.

काकू म्हणाल्या, "बाई, त्या दिशीचा फोटो असंल ना यात? गेलते की बांधावर. त्यात बगून आकडा लिवा. शेवटच्या तारखेची येवडी एकच जागा ऱ्हायली. वही पुरी हुईल."

मी शेवटचा फोटो उघडला. सकाळी सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं. त्यात बुरूज नव्हता. कॅमेरा उलटा झाला होता. पडदाभर अण्णा होते. मान तिरपी, ओठ किंचित उघडे, एक डोळा बारीक केलेला, आकडा शोधताना ते दिसायचे अगदी तसे. मागं सकाळचं आभाळ आणि टॉवेलचं एक टोक उडालेलं.

मी टॅब काकूंच्या हातात दिला. त्यांना दोन बोटं फाकवता येत नव्हती, मी त्यांची बोटं धरून फाकवली. चेहरा मोठा झाला. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मी वही जवळ ओढली आणि म्हणाले, "काकू, यात पातळी नाही. अण्णांनाही दिसली नव्हती, म्हणून त्यांनी पाठवला नाही. रकाना रिकामाच ठेवू. शेऱ्यातही लिहायचं झालं तर 'दिसलं नाही' एवढंच लिहावं लागेल."

काकूंनी पडद्यावरून पदर फिरवला, नजर न काढता.

"तसं नगा लिवू," त्या म्हणाल्या. "दिसलं की, बाई."